मनगटाचं हाड जुळलं, पण हात कामाला येत नाही: व्यायामाचा क्रम काय ठेवावा?

रेघोटी

आईच्या (वय ६१) उजव्या मनगटाचं फ्रॅक्चर होतं, रेडियसच्या (कोपर ते मनगट या भागातलं अंगठ्याकडचं हाड) खालच्या टोकाशी. ऑपरेशन झालेलं नाही. हाड जागेवर बसवून सहा आठवडे प्लास्टर ठेवलं होतं. ते काढल्यानंतरचा हा दुसरा आठवडा. एक्स-रे पाहून हाड जुळलंय असं डॉक्टरांनी सांगितलं. हालचाल सुरू करा, वजन उचलू नका, एवढीच सूचना आहे. फिजिओची वेळ पुढच्या आठवड्यात मिळाली आहे.

कोनमापकाने मोजलेले आकडे असे आहेत. कंसात चांगल्या, म्हणजे डाव्या हाताचे.

मनगट वर उचलणं: २५ अंश (६५)
मनगट खाली वाकवणं: ३० अंश (७०)
तळहात छताकडे फिरवणं: ३५ अंश (८०)
तळहात जमिनीकडे फिरवणं: ७० अंश (८०)

फिरवण्याचे दोन्ही आकडे मुठीत पेन धरून, पेन किती कलतं त्यावरून घेतले. मूठ पूर्ण मिटत नाही. तळहातावरच्या सगळ्यात वरच्या आडव्या रेषेपासून (हस्तसामुद्रिकात जिला हृदयरेषा म्हणतात) बोटांची टोकं साधारण २ सेंमी लांब राहतात. हाताच्या पाठीवर सूज आहे, संध्याकाळी वाढते.

एक गोष्ट कळत नाही. "मनगट वर उचल" म्हटलं की बोटं ताठ होतात आणि त्यांच्याबरोबर मनगट वर येतं. मूठ मिटून उचलायला सांगितलं तर ते जेमतेम सरळ रेषेत येतं. ग्लास धरायला गेलं की मनगट खाली पडतं आणि पकड सुटते.

जो तो रबरी चेंडू दाबायला सांगतो. तो आत्ता द्यावा का? तळहात वर फिरवण्यासाठी काय करावं? किती दुखेपर्यंत करावं? आणि रोजची कामं कुठल्या क्रमाने सुरू करावीत?

अनघड

चेंडू सध्या बाजूला ठेवा. आईंच्या बोटांना शेवटचे २ सेंमी गाठायचे आहेत आणि चेंडू मूठ नेमकी अर्ध्यात अडवतो. त्यात मनगट खाली पडलेलं असताना दाबला, तर तुम्ही ग्लास धरताना जी चुकीची लकब पाहिलीत तीच दिवसभर घोटली जाते. सुजलेल्या हाताने जोर लावला की सूजही वाढते. ताकदीची पाळी नंतर येते.

आता ती न कळणारी गोष्ट. सगळ्यात आधी तीच सुधारायला हवी. मनगट वर उचलणारे तीन मुख्य स्नायू आहेत. ते तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी यांच्या तळहातातल्या हाडांच्या बुंध्याशी संपतात, बोटांपर्यंत जातच नाहीत. बोटं सरळ करणारे स्नायू मात्र मनगटावरून पुढे बोटांपर्यंत जातात, त्यामुळे तेही मनगट थोडंफार उचलू शकतात. प्लास्टरमध्ये बोटं हलत होती आणि मनगटाचे तीन स्नायू स्वस्थ पडून होते. म्हणून आता मनगट उचलायची वेळ आली की बोटांचेच स्नायू पुढे येतात. रिकाम्या हाताने हे खपून जातं. ग्लास धरायला बोटं मिटावी लागतात, म्हणजे बोटं उघडणारे स्नायू ढिले सोडावे लागतात. ते ढिले पडले की मनगटाला आधार उरत नाही.

मनगट खाली पडल्यावर पकड का सुटते, ते तुमच्या चांगल्या हातावर पाहा. मनगट पूर्ण खाली वाकवा आणि घट्ट मूठ करायचा प्रयत्न करा. होत नाही, कारण बोटं मिटवणारे स्नायू आखडून संपलेले असतात आणि हाताच्या पाठीवरचे स्नायुबंध (स्नायू हाडाला जोडणारे दोरीसारखे पट्टे) ताणलेले असतात. पकड सगळ्यात जोरदार असते ती मनगट २० ते ३५ अंश वर असताना. म्हणून आईंची पकड परत आणायची तर वाट मनगट उचलण्यातूनच जाते.

व्यायाम असा. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात टेबलावर ठेवा, पंजा कडेच्या बाहेर लोंबू द्या, तळहात जमिनीकडे. मुठीत पेन सैल धरायला द्या, आवळायचं नाही. आता बोटांची मुळं, म्हणजे मुठीचे उंचवटे, छताकडे न्यायचे. पेन सुटेपर्यंतच वर. पेन निसटू लागलं तर बोटांचे स्नायू परत घुसले असं समजून तिथेच थांबायचं. मिळेल त्या उंचीवर ५ सेकंद धरा, सावकाश खाली आणा. अशा १० वेळा, दिवसातून ५-६ बैठका. एका दमात तासभर करण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण मधल्या वेळात ताठरपणा परत चढतो.

जमत नसेल तर पंजाचं वजन काढून टाका: हात टेबलावर करंगळीच्या कडेवर आडवा, अंगठा वर, खाली गुळगुळीत कापड, आणि मुठीची पाठ मागे सरकवायची. तिथे सरावलं की परत पालथा हात. तिसरी युक्ती म्हणजे डाव्या हाताने मूठ वर नेऊन ठेवायची, आधार हळूच काढायचा आणि आईंनी ती तिथे धरून मग सावकाश खाली आणायची. उचलता येत नाही ते उतरवता येतं, आणि उतरवताना नेमके तेच स्नायू काम करतात.

चुका कुठे होतात? कोपर टेबलावरून उठतं. खांदा वर येतो. पंजा सरळ वर न जाता अंगठ्याकडे कलत वर जातो. कलत असेल तर मधल्या बोटाच्या मुळावर टिकली लावा आणि ती हाताच्या मध्यरेषेतच वर जाते का, हे समोर बसून बघा.

बोटांसाठी ही मालिका: सगळी बोटं सरळ, मग मुळं सरळ ठेवून फक्त वरची दोन पेरं वाकवून आकडा, परत सरळ, पूर्ण मूठ, परत सरळ, मग बोटं फक्त मुळाशी काटकोनात, आणि शेवटी टोकं सरळ ठेवून तळहाताच्या बुडाला टेकतील अशी चपटी मूठ. प्रत्येक स्थितीत ३ ते ५ सेकंद. प्रत्येक बोटाला मिटवणारे दोन स्नायुबंध असतात, एक वरचा, एक खोलचा. ते एकमेकांवरून सगळ्यात जास्त सरकतात ते आकड्याच्या स्थितीत. नुसती मूठ उघडमीट केली तर हा भाग सुटतो आणि ते एकमेकांना चिकटून राहतात. प्लास्टर हृदयरेषेच्या पुढे आलेलं असेल, तर बोटांच्या मुळाचे सांधेही आखडलेले असतील. तसं असल्यास दुसऱ्या हाताने एकेक बोट मुळाशी वाकवून द्या.

सूज: झोळीत हात लटकवून ठेवणं बंद. बसल्या-झोपल्या पंजा हृदयाच्या वर, उशांवर. जागेपणी दर तासाला हात डोक्यावर नेऊन मुठीची उघडमीट. त्याने खांदाही मोकळा राहतो. चोळायचं ते बोटांच्या टोकांकडून कोपराकडे, हलक्या हाताने. व्यायामाआधी १० मिनिटं कोमट पाण्याचा उपयोग होतो, पण हात खाली लोंबवून पाण्यात ठेवला तर सूज वाढते. पाण्यातही बोटं हलवत राहावं आणि बाहेर काढल्यावर लगेच हात वर.

दुखण्याचं माप: ताण आणि ओढ चालते. व्यायाम संपल्यावर अर्ध्या-एक तासात दुखणं पहिल्या पातळीवर यायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज जास्त किंवा मूठ आदल्या दिवसापेक्षा कमी मिटत असेल, तर प्रमाण निम्मं करा. व्यायाम बंद मात्र करू नका.

पाऊलवाट

अनघड यांनी मनगट उचलण्याचं नीट सांगितलंय. तळहात फिरवण्याबद्दल मी लिहिते.

आधी मापाची दुरुस्ती. मुठीतल्या पेनावरून मोजलं की पंजा मनगटाच्या छोट्या हाडांत जो थोडा पिळतो, तोही आकड्यात येतो. कोनमापक मनगटाच्या किंचित वर, दोन हाडांच्या सपाट भागावर आतल्या बाजूने टेकवा. ३५ च्या जागी कमी आकडा येण्याची शक्यता आहे. तोच खरा धरा. डावा हातही त्याच रीतीने परत मोजा.

फिरताना रेडियस हे हाड अल्नाभोवती (करंगळीकडचं हाड) फिरतं आणि त्यांचा खालचा सांधा फ्रॅक्चरला अगदी लागून असतो. म्हणून तळहात वर फिरवणं बहुतेकदा सगळ्यात हट्टी असतं. व्यायाम करताना कोपर काटकोनात आणि बरगडीला चिकटलेलं हवं. दोघांच्या मध्ये घडी घातलेला रुमाल धरायला सांगा. रुमाल पडला की खांद्याने फसवलं असं समजा. मदत करताना डाव्या हाताने पंजा पिळायचा नाही, मनगटाच्या वर दोन्ही हाडं धरून फिरवायची. पंजा पिळला तर हालचाल वाढल्यासारखी दिसते, पण वाढते ती चुकीच्या सांध्यात, आणि करंगळीच्या बाजूचे अस्थिबंध (हाडं एकमेकांना जोडणारे पट्टे) दुखावतात.

३० सेकंद धरून ठेवा, ३-४ वेळा, दिवसातून ४ बैठका. मुठीत फूटपट्टी धरून तिच्या वजनाने हात कलू देणं हाही सौम्य ताण आहे. हातोडीने हेच करतात, पण ती वजनाची परवानगी मिळाल्यावर, आणि सुरुवातीला लोखंडी डोक्याजवळ धरून. जितकं लांब धराल तितका पीळ वाढतो.

दुसरी गोष्ट फिजिओकडे जाण्याआधीच तपासून ठेवता येईल. मनगट खाली वाकवणं दोनदा मोजा, एकदा बोटं सैल सोडून आणि एकदा मूठ मिटून. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले तर सांधा आखडलाय, म्हणजे मनगटालाच ताण द्यायचा. मुठीसह आकडा बराच कमी आला तर पाठीवरचे स्नायुबंध आखडलेत किंवा चिकटलेत. तिथे मूठ आणि मनगट एकत्र वाकवण्याचा व्यायाम हवा. चांगल्या हातालाही थोडा फरक असतोच, म्हणून तुलना त्याच्याशी करा. वर उचलण्याची तपासणी याच्या उलट: बोटं सैल वाकवून आणि मग बोटं सरळ ठेवून, चांगल्या हाताने मनगट मागे नेऊन.

मनगट मागे जाण्यासाठी नमस्काराची स्थिती उत्तम. तळवे जुळवून हात छातीपासून हळूहळू खाली आणायचे. तळव्यांची बुडं सुटली की ताण मनगटावरून बोटांवर जातो, म्हणून ती सुटतील तिथून किंचित वर थांबा. झटके नकोत, आणि घरातल्या कुणी जोर लावून वाकवणं तर मुळीच नको. आखडलेले ऊतक हलक्या, लांब ताणाला सोडतात. जोराला ते सुजून उत्तर देतात.

मनगटाची एक हालचाल मात्र तुलनेने लवकर मिळते: वर-अंगठ्याकडे ते खाली-करंगळीकडे अशी तिरपी रेघ, बाण फेकताना होते तशी. रंगाचा ब्रश मारणं, केस विंचरणं, खिळा ठोकणं यात हीच असते. तिचाही सराव घ्या.

आकड्यांचा धसका घेऊ नका. बहुतेक घरगुती कामांना मनगट वर-खाली ४०-४० अंश आणि फिरवण्यात ५०-५० अंश पुरतात. डाव्या हाताच्या आकड्यापर्यंत पोहोचण्याआधीच हात पुष्कळसा कामाला लागलेला असतो.

हिरवळ

व्यायाम चालू असतानाच काही गोष्टींवर लक्ष ठेवा. या नुसत्या व्यायामाने सुटत नाहीत.

अंगठा. तळहात टेबलावर सपाट ठेवून फक्त अंगठा छताकडे उचलायला सांगा. अंगठा उचलणारा लांब स्नायुबंध मनगटाच्या पाठीवरच्या एका हाडाच्या उंचवट्याला वळसा घालून जातो, आणि फ्रॅक्चरनंतर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही, तिथे झिजून तुटू शकतो. विशेष म्हणजे हाड फारसं न सरकलेल्या फ्रॅक्चरमध्येही हे होतं. बरेचदा दुखतही नाही, एक दिवस अंगठा वर येईनासा होतो. नुसतं टोक सरळ होतंय का ते बघून फसू नका, कारण दुसरे छोटे स्नायू ते थोडं करून देतात. उचलला गेला नाही तर त्याच आठवड्यात हाडांच्या किंवा हाताच्या सर्जनना दाखवा. सहसा तर्जनीचा जादा स्नायुबंध वळवून लावावा लागतो.

बधिरपणा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांत मुंग्या येणं किंवा रात्री जाग येणं म्हणजे मनगटातल्या मधल्या नसेवर दाब. वाढत असेल किंवा बधिरपणा सतत राहिला तर थांबू नका.

फ्रॅक्चरच्या मानाने कितीतरी जास्त जळजळ, नुसता कपडा लागला तरी कळ, त्वचेचा रंग आणि तापमान दुसऱ्या हातापेक्षा वेगळं, जास्त घाम, चकचकीत ताणलेली कातडी: यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तर डॉक्टरांना लगेच कळवा. या विकारात जोराचे ताण नुकसान करतात आणि हात अजिबात न वापरणंही नुकसान करतं, त्यामुळे जाणकाराच्या हाताखालीच काम व्हायला हवं.

शिवाय या वयात उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडलं असेल, तर हाडांच्या घनतेची तपासणी, म्हणजे डेक्सा स्कॅन, आणि ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणी यांबद्दल डॉक्टरांना विचारा. पुढचं फ्रॅक्चर खुब्याचं किंवा मणक्याचं असू शकतं, आणि ते टाळण्याची संधी आत्ता हातात आहे.

रेघोटी

सगळ्यांचे आभार. सांगितल्याप्रमाणे तपासलं. अंगठा उचलला जातो. रंग आणि घाम दोन्ही हातांना सारखेच. तळहात वर फिरवणं नव्या रीतीने २५ आलं, डावा ७५. मनगट खाली वाकवणं बोटं सैल असताना ३०, मूठ मिटून (जेवढी मिटते तेवढी) १०. डाव्या हातात हा फरक फारच थोडा आहे. तर्जनी आणि मधल्या बोटात पहाटे मुंग्या येतात, हात झटकला की जातात. आई मनगट दुमडून उशीखाली घेऊन झोपते.

रोजच्या कामांचं कुणी सांगाल का? आणि खुर्चीतून उठताना हातावर भार कधी द्यावा?

पाऊलवाट

३० आणि १०, म्हणजे पाठीवरचे स्नायुबंध सांध्याइतकेच अडवतायत. हात टेबलाच्या कडेवर ठेवून आधी सैल मूठ मिटायची आणि ती मिटलेली ठेवून मनगट हळू खाली सोडायचं. आवळायचं नाही. मूठ उघडू लागली तर मनगट थोडं परत वर घ्या. हाताच्या पाठीवर ओढ जाणवली की जागा बरोबर आहे. हे दोन्ही आकडे दर आठवड्याला, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी मोजा. फिजिओला हेच सगळ्यात उपयोगी पडतील.

पहाटेच्या मुंग्यांना दुमडलेलं मनगट हे कारण पुरेसं आहे. रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट बांधा, तळहाताच्या बाजूला पट्टी असलेला, बोटांची मुळं मोकळी राहतील असा. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा दिवसाही मुंग्या येऊ लागल्या, तर हिरवळ म्हणतात तसं डॉक्टरांकडे. दिवसा मात्र घरात स्प्लिंट काढूनच ठेवा. गर्दीत किंवा बाहेर जातानाच घाला.

अनघड

कामांचं सांगतो. आत्तापासून चालतील ती वजन नसलेली: बटणं लावणं, पानं उलटणं, कपड्यांच्या घड्या, लिहिणं, टंकलेखन, दात घासणं, चमच्याने जेवणं. दोन्ही ओंजळींनी तोंड धुवायला सांगा. तळहात वर फिरवण्याचा तो दिवसातून अनेकदा होणारा व्यायामच आहे. मूठ पूर्ण मिटेपर्यंत पेन, ब्रश आणि चमच्याचे दांडे जाड करून द्या. पाइपवर चढवतात ती फोमची नळी कापून दांड्यावर बसते. मूठ जसजशी मिटेल तसतशी बारीक नळी घ्या, नाहीतर हात जाड दांड्यालाच सवकतो.

ग्लास आधी रिकामा, मग पाव भरलेला, मग अर्धा. कसोटी एकच: धरल्यावर मनगट सरळ रेषेच्या खाली जायला नको. गेलं तर तो ग्लास अजून जड आहे.

कुलपाची किल्ली आणि गोल मूठ फिरवणं पकड आणि पीळ एकत्र मागतं, म्हणून थोडं पुढे. किल्लीच्या भोकातून छोटी काडी आडवी घातली की तरफ मिळते आणि जोर कमी लागतो. बरणीचं झाकण रबरी जाळीने धरून. कापड पिळणं अगदी शेवटी. पीळ, पकड आणि करंगळीकडचा दाब असं तिन्ही त्यात एकदम येतं. तोवर कापड नळाभोवती गुंडाळून दोन्ही टोकं चांगल्या हाताने पिळायची.

ताकदीचे व्यायाम डॉक्टरांनी भाराला हो म्हटल्यावर, साधारण फ्रॅक्चरपासून ८ ते १२ आठवड्यांच्या दरम्यान. तेव्हा मऊ थेरपी पुट्टी (मुठीत दाबायचा कणकेसारखा गोळा), आणि पेन घेऊन केलेलाच व्यायाम २५० ग्रॅम वजन घेऊन. १०-१० च्या तीन फेऱ्या मनगट न कलता झाल्या आणि दुसऱ्या दिवशी सूज नसली, तर ५०० ग्रॅम. हाताच्या भाराचंही तसंच. सुरुवात भिंतीपासून: हातभर अंतरावर उभं राहून तळवे छातीच्या उंचीवर टेकवायचे आणि पुढे झुकायचं. मग टेबलाची कड, मग खुर्चीचे हात. टेबलावर वजनकाटा ठेवून त्यावर तळहात दाबला तर किती किलो भार न दुखता घेता येतो तो आकडाच समोर दिसतो. २ किलोपासून सुरू करून तो हळूहळू वाढवा. तोवर खुर्चीतून उठताना कोपरापुढचा हात टेकवा, तळहात नाही.

हालचालीचा मोठा हिस्सा पहिल्या तीन-चार महिन्यांत परत येतो. पकडीची ताकद मागून येते, वर्षभर वाढत राहते. करंगळीच्या बाजूला, अल्नाच्या टोकाशी दुखणं कधीकधी सगळ्यात शेवटपर्यंत टिकतं, विशेषतः पिळताना आणि पंजा करंगळीकडे कलवून ओतताना. ते हळूहळू कमी होत असेल तर ओतण्याची कामं दोन्ही हातांनी करत राहायचं. तिथे खट्-खट् आवाजासह कळ येत असेल, किंवा हाताच्या पाठीवर अल्नाचं टोक दुसऱ्या हातापेक्षा वर आलेलं आणि दाबलं की खाली-वर हलणारं दिसलं, तर रेडियस-अल्नाचा खालचा सांधा तपासून घ्या. पीळ देणारे व्यायाम तेवढ्यापुरते थांबवा. बोटांचे आणि मनगट उचलण्याचे चालू ठेवा.